चंद्रकांत मण्याचे दोन तुकडे : ‘मूनस्टोन्स’चा उदय आणि विभाजन

कोलंबो हे नाव मराठी कानाला परके नाही. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ ज्या ‘रेडिओ सिलोन’वरून ऐकू येई, ते केंद्र कोलंबोचेच. परंतु त्याच केंद्राच्या सिंहली विभागातून त्या काळात काय ऐकू येत होते, सिंहली माणसे आपल्या भाषेत काय गात होती आणि कशावरून भांडत होती, ह्याची चौकशी आपण सहसा केलेली नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे साठीच्या दशकात श्रीलंकेत उदयाला आलेला ‘मूनस्टोन्स’ हा गिटारवादकांचा गायकसंच आणि त्याची झालेली फूट. वरवर पाहता हा विषय करमणुकीच्या सदरात टाकण्याजोगा आहे. दोन मित्र एकत्र येतात, लोकप्रिय होतात, वेगळे होतात, पुन्हा एकत्र येतात, पुन्हा वेगळे होतात. असे जगभर घडते. तरीही ह्या संचाच्या इतिहासात साहित्याच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा असा एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या भाषेचे ‘स्वतःचे’ गाणे कोणते, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आणि ते गाणे एकदा जन्माला आले, की ते कोणाचे : रचणाऱ्याचे, गाणाऱ्याचे, की संचाच्या नावाचे?

हा प्रश्न समजून घ्यायचा, तर गिटारींच्या आधी थोडे मागे, १९५२ सालापर्यंत जावे लागते. त्या सालाशी दोन मराठी माणसांचा संबंध आहे.

१९५२ : दिल्ली आणि कोलंबो

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर भारताचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हिंदी चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते आणि आकाशवाणीवर त्या गीतांना त्यांनी जवळजवळ दार बंद केले. पुढचा इतिहास परिचित आहे. श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकांचा वारसा रेडिओ सिलोनला मिळालेला होता. त्यांच्यावरून हिंदी गाणी सबंध उपखंडात पोहोचू लागली.

त्याच वर्षी रेडिओ सिलोनने आपल्या सिंहली कलावंतांची परीक्षा घेऊन त्यांची प्रतवारी लावण्यासाठी भारतातून एक परीक्षक बोलावला. ते होते पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईत जन्मलेले, भातखंड्यांचे पट्टशिष्य आणि लखनौच्या संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य. पुढे आकाशवाणीच्या कलावंतांची चाचणी घेणाऱ्या मंडळाशीही त्यांचे नाव जोडले गेले आणि तिथेही त्यांना कलावंतांचा रोष सहन करावा लागला. कोलंबोत त्यांनी जी मोजपट्टी लावली ती उत्तर हिंदुस्थानी रागसंगीताची होती. म्हणजे एका इमारतीतून हिंदी चित्रपटगीतांचा प्रवाह भारताकडे वाहत होता आणि त्याच इमारतीत सिंहली गायकांना रागज्ञानाच्या कसोटीवर उतरावे लागत होते. केसकरांनी दिल्लीत ज्याला प्रवेश नाकारला त्यावर कोलंबोची व्यापारी सेवा पोसली जात होती, आणि केसकरांना जे हवे होते ते कोलंबोची सिंहली सेवा अंगीकारू पाहत होती.

रातंजनकरांचा दृष्टिकोन निव्वळ कर्मठ होता असे म्हणता येणार नाही. हिंदी चालींची नक्कल सोडा, आपल्या लोकगीतांकडे वळा, त्यांतून आपले संगीत घडवा, असाच त्यांचा सिंहली कलावंतांना उपदेश होता. परंतु उपदेश आणि मोजपट्टी ह्यांत अंतर राहिले. लोकगीतातून नवे घडवायचे, पण त्या घडवण्याचे व्याकरण लखनौचे असावे, असा त्याचा व्यवहारात अर्थ झाला.

ह्या परीक्षेला बसण्यास ज्यांनी नकार दिला त्यांत सुनिल सान्त हे सर्वांत मोठे नाव. ते काही रागसंगीताला अनभिज्ञ नव्हते. शांतिनिकेतनात काही काळ काढून ते लखनौला शिकले होते. ज्या संस्थेचे प्राचार्य परीक्षक म्हणून आले होते तिचेच ते पदवीधर. पण मायदेशी परतल्यावर त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे अनुकरण जाणीवपूर्वक टाळले. मुनिदास कुमारतुंग ह्यांच्या ‘हेळ हवुल’ चळवळीने संस्कृतप्रचुर सिंहलीला विरोध करून शुद्ध देशी सिंहलीचा आग्रह धरला होता. सुनिल सान्त ह्यांनी तोच आग्रह गाण्यात आणला : साधे शब्द, ठसठशीत उच्चार, सरळ चाल, आणि प्रसंगी पाश्चात्त्य स्वरमेळाचा आधार. परीक्षा नाकारल्याबरोबर रेडिओचे दार त्यांना बंद झाले आणि उपजीविकेसाठी इतर उद्योग करावे लागले. सिंहली गाण्याच्या इतिहासात हा प्रसंग एखाद्या जखमेसारखा राहिलेला आहे.

उसनवारीचा इतिहास

‘आपले’ गाणे हवे, ही तळमळ सिंहली समाजात एवढी तीव्र का होती, हेही पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्या कोलंबोला गेल्या आणि त्यांच्या धर्तीवर ‘नूर्ती’ हा सिंहली संगीत नाटकाचा प्रकार जन्माला आला. जॉन द सिल्वा ह्यांच्या ‘सिरिसंगबो’ (१९०३) ह्या नाटकाला चाली दिल्या त्या विश्वनाथ लौजी ह्या भारतातून आलेल्या संगीतकाराने. म्हणजे सिंहली राष्ट्रभावनेची पहिली गाणी एका परक्याच्या चालीवर उभी राहिली. पुढे १९४७ मध्ये ‘कडवुनु पोरोन्दुव’ हा पहिला सिंहली बोलपट आला, तोही दक्षिण भारतातील स्टुडिओत तयार झालेला. त्यानंतर कित्येक वर्षे सिंहली चित्रपटांतील गाणी म्हणजे हिंदी चालींवर बसवलेले सिंहली शब्द, असा प्रघातच पडला.

१९५६ हे वर्ष ह्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला, ज्याची किंमत पुढे सबंध देशाने, आणि विशेषतः तमिळ नागरिकांनी, मोजली. त्याच वर्षी एदिरिवीर सरच्चंद्र ह्यांचे ‘मनमे’ हे नाटक रंगभूमीवर आले आणि लेस्टर जेम्स पीरिस ह्यांचा ‘रेखाव’ हा चित्रपट पडद्यावर आला. ‘रेखाव’च्या संगीतात सुनिल सान्त ह्यांचा वाटा होता. रेडिओने नाकारलेला माणूस चित्रपटाने स्वीकारला.

ह्या नव्या राष्ट्रीय अभिरुचीचा नायक मात्र दुसराच ठरला. डब्ल्यू. डी. अल्बर्ट परेरा, म्हणजेच अमरदेव, पन्नाशीच्या दशकात लखनौला जाऊन शिकले, आणि रागसंगीत व सिंहली लोकधून ह्यांचा मेळ घालून त्यांनी ‘सरल गी’ ह्या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याकडील भावगीताशी ह्या प्रकाराचे नाते सहज जुळेल. महागम सेकर (१९२९–१९७६) ह्यांच्यासारखा कवी अमरदेवांसाठी गीते लिहू लागला आणि गाणे हा साहित्याचा भाग मानला जाऊ लागला. ही उपलब्धी मोठी आहे, तिचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. पण प्रत्येक प्रतिष्ठेला एक कुंपण असते. त्या कुंपणाबाहेर काय राहिले, हा आपला विषय.

कुंपणाबाहेरची गिटार

कुंपणाबाहेर होते ‘बायला’. पोर्तुगीज भाषेतील ‘नाचणे’ ह्या अर्थाच्या क्रियापदावरून आलेले हे नाव. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीजांनी सिलोनच्या किनाऱ्यावर जे अवशेष मागे ठेवले त्यांतून हा ठेका आला. गोव्याच्या वाचकाला हे नवल वाटणार नाही. रायगड जिल्ह्यातील कोर्लईची बोली आणि श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील बर्गर लोकांची पोर्तुगीज-क्रिओल ह्या एकाच ऐतिहासिक घडामोडीच्या लेकी आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर वॉली बास्टियन्स ह्या पोलीस खात्यातील माणसाने ह्या ठेक्यावर सिंहली शब्द बसवून बायला घरोघरी नेला.

त्यापाठोपाठ हॅरी बेलाफॉन्टेच्या ध्वनिमुद्रिकांमधून वेस्ट इंडीजचा कॅलिप्सो आला. साठीच्या दशकाच्या आरंभी कोलंबो आणि किनारपट्टीवरच्या गावांत दोन-तीन गिटारी, बोंगो आणि खुळखुळे घेऊन गाणाऱ्या तरुणांचे संच निघाले. त्यांची नावेही बघण्यासारखी आहेत : ‘लॉस कॅबालेरॉस’, ‘ला सिलोनियन्स’. स्पॅनिश-फ्रेंच वळणाची नावे, अंगात रंगीत सदरे, आणि तोंडी सिंहली शब्द. सांस्कृतिक शुद्धतेचा ध्यास घेतलेल्या समाजाला हे सारे उपरे वाटले तर नवल नाही. अशा मिश्र गोष्टींसाठी सिंहलीत ‘तुप्पहि’ असा एक हेटाळणीचा शब्द आहे. त्याचे मूळ ‘दुभाषी’ ह्या अर्थाच्या शब्दात असल्याचे मानले जाते. दोन भाषा बोलणारा तो भेसळीचा, हा अर्थप्रवास आपल्यालाही विचार करायला लावणारा आहे.

रत्नपुरचे दोघे

रत्नपुर हे गाव कोलंबोच्या आग्नेयेला, रत्नांच्या खाणींसाठी प्रसिद्ध. एका मळ्यावर नोकरी करणारे क्लॅरेन्स विजेवर्धन (जन्म ३ ऑगस्ट १९४३) आणि ह्या गावचे ॲन्स्ली मालेवन ह्यांनी १९६६ च्या सुमारास आपला संच उभा केला. नाव घेतले ‘मूनस्टोन्स’. इंग्रजीत ह्या शब्दाचे दोन अर्थ श्रीलंकेत एकाच वेळी जागे होतात. एक, चंद्रकांत मणी. दुसरा, अनुराधपुरच्या बौद्ध वास्तूंच्या पायरीशी असणारी कोरीव अर्धवर्तुळाकार शिळा, जिच्यावरून पाऊल टाकून आत जायचे. सिंहलीत ह्या दोन वस्तूंना वेगवेगळे शब्द आहेत. त्यांना एकत्र आणायला परकी भाषाच कामी आली. संचाचे नाव इंग्रजी, पण त्याच्या आत दडलेल्या दोन्ही वस्तू सर्वस्वी देशी, हे ह्या संचाच्या गाण्याचेही वर्णन ठरावे.

विजय कोरेया ह्या नामवंत निवेदकाने त्यांना रेडिओवर आणले आणि श्री संगबो कोरेया ह्यांनी संचाचे व्यवस्थापन पाहिले. (१९०३ च्या नाटकातील राजाचे नाव असे पासष्ट वर्षांनी गिटारवाल्यांच्या व्यवस्थापकाच्या रूपाने परतावे, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.) ‘मंगलिका’ ह्या गीताने त्यांचे नाव पसरले. १९६८ च्या सुमारास त्यांच्या ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या. सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांच्या, सहसा चार गाण्यांच्या ह्या छोट्या तबकड्या म्हणजे त्या पिढीचे चोपडेच होते. जेराल्ड विक्रमसूरिय ह्यांच्या ‘सूरिय’ ह्या कंपनीने अशा संचांना जे व्यासपीठ दिले, त्यामुळे रेडिओच्या प्रतवारीला प्रथमच एक पर्याय उभा राहिला. परीक्षक जे नाकारील ते गिऱ्हाईक विकत घेऊ शकत होते.

ह्या संचाने नेमके नवे काय केले? सिंहली गाण्यात विजेची गिटार रुजवण्याचे श्रेय सामान्यतः क्लॅरेन्स ह्यांना दिले जाते. पण वाद्यापेक्षा त्याचा परिणाम महत्त्वाचा आहे. रागाधिष्ठित गाण्यात स्वर एका आधारस्वराभोवती फिरतो. गिटारीवर स्वरसंघ बदलत जातात, आणि चालीला त्यांच्याशी पावलापावलाने जुळवून घ्यावे लागते. त्यामुळे ओळी आखूड होतात, यमके जवळ येतात, ध्रुवपद वारंवार परतते, आणि अनेक कंठ एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांवर गाऊ शकतात. गाणे एकट्याच्या साधनेतून निघून मित्रमंडळाच्या आवाक्यात येते. तीन-चार स्वरसंघ येणारा कोणताही मुलगा ते सहलीत, बसमध्ये, लग्नाच्या आदल्या रात्री वाजवू शकतो. अमरदेवांचे गाणे लोक ऐकत, मूनस्टोन्सचे गाणे लोक गात.

भाषेच्या अंगाने पाहिले तर हा फरक आणखी स्पष्ट होतो. लिखित सिंहली आणि बोली सिंहली ह्यांतील दरी फार रुंद आहे. लिखित भाषेत क्रियापद कर्त्याच्या पुरुष-वचनांनुसार बदलते, बोलीत ते बदलत नाही. त्यामुळे गाण्यातील एका क्रियापदाच्या शेवटावरून ते गाणे कोणत्या दालनात बसले आहे हे ऐकणाऱ्याला तत्काळ समजते. ‘सरल गी’ बहुतांशी ग्रंथभाषेच्या दालनात वावरले. मूनस्टोन्सच्या खट्याळ गाण्यांनी बोलीचे दालन उघडले. ‘मँगो नॅन्दा’ ह्या गाण्याचे शीर्षकच पाहावे. ‘नॅन्दा’ म्हणजे आत्या, मावशीवजा नात्याने हाक मारावी अशी शेजारची बाई. आपल्या ‘नणंद’ची आठवण करून देणारा हा शब्द प्रतिष्ठित गीतात सहसा दिसला नसता. दुसरी गोष्ट नावांची. प्रतिष्ठित गीतातील प्रेयसी बहुधा निनावी असते : ती कमळ असते, चंद्रकोर असते, जातककथेतील राणी असते. मूनस्टोन्सच्या गाण्यांत ती मंगलिका असते. शाळेच्या हजेरीपटावर सापडणारे हे नाव. प्रेमाला पत्ता मिळाला, असे म्हणता येईल.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. १९५२ मध्ये रातंजनकरांनी जे मागितले, सुनिल सान्त ह्यांनी ज्यासाठी किंमत मोजली, तेच ह्या गाण्यांत बऱ्याच अंशी साकार झाले होते. हिंदी चालींची नक्कल नाही, साधी सिंहली आहे, गावाकडचे जग आहे. फक्त रस्ता सुधारकांनी आखलेला नव्हता. तो लखनौवरून न जाता त्रिनिदाद आणि लिव्हरपूलवरून आला होता. म्हणून समीक्षेला तो दिसला नाही, आणि दिसला तेव्हा ‘पॉप’ ह्या शिक्क्याखाली बाजूला ठेवता आला.

फूट

लोकप्रियता ऐन बहरात असताना, १९७० च्या सुमारास, क्लॅरेन्स विजेवर्धन मूनस्टोन्समधून बाहेर पडले. त्यांनी ‘गोल्डन चाइम्स’ नावाचा नवा संच काढला. ॲन्स्ली मालेवन मूनस्टोन्सचे नाव चालवत राहिले. चाहत्यांनी ह्या घटनेकडे दोन मित्रांतील दुरावा म्हणून पाहिले, आणि तसे पाहणे स्वाभाविकही आहे. परंतु मानापमानाच्या कथांपेक्षा रचनेतला पेच अधिक बोलका आहे.

‘सरल गी’च्या व्यवस्थेत कामाची विभागणी पक्की होती. गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. रेडिओच्या नोंदवहीत आणि तबकडीच्या कागदावर प्रत्येकाचे नाव आणि पायरी ठरलेली. महागम सेकर आणि अमरदेव ह्यांचे नाते दीर्घकाळ टिकले ह्यामागे स्नेह होताच, पण दोघांचीही जागा निर्विवाद होती, हेही कारण असावे. मूनस्टोन्समध्ये ही विभागणी मोडली. चाली क्लॅरेन्स ह्यांच्या, बरेचसे शब्दही त्यांचे, गिटारही त्यांची आणि गाण्यातला एक आवाजही त्यांचा. पण गाणे ज्या मुख्य आवाजाने लोकांच्या मनात घर केले तो बहुतेकदा ॲन्स्ली ह्यांचा. इंद्राणी परेरा ह्यांच्यासारख्या गायिकेचा आवाजही ह्या गाण्यांना लाभला. आणि तबकडीवर मोठ्या अक्षरांत नाव कोणाचे? ह्यांपैकी कोणाचेच नाही, संचाचे.

संच हा प्रकार सिंहली संस्कृतीत नवा होता. एका अर्थी तो लोकगीताच्या जवळ जाणारा होता, कारण लोकगीतातही कर्ता पुसला जातो. पण लोकगीत विकले जात नाही. बाजारात आलेल्या वस्तूला मालक लागतो. मूनस्टोन्सचे गाणे एकाच वेळी सामुदायिक स्वर आणि विक्रीची वस्तू होते, आणि हे दोन्ही धर्म एका नावाखाली फार काळ नांदणे कठीण होते. रचणारा बाहेर पडतो तेव्हा तो गाणे बरोबर नेतो की नाही? नाव धरून राहणारा उद्या कार्यक्रमात ‘मंगलिका’ गाईल, तेव्हा ते कोणाचे गाणे असेल? संहिता आणि प्रयोग ह्यांच्या मालकीचा वाद साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नाही. नाटककार मोठा की नट, ह्याचेच हे संगीतातले रूप आहे. फरक एवढाच, की नाटककाराची संहिता छापून ग्रंथालयात राहते, क्लॅरेन्स ह्यांच्यापाशी तसा आसरा नव्हता. त्यांचे गीत मुख्यतः आवाजातच जगत होते.

फुटीला काळाचीही पार्श्वभूमी आहे. १९७० मध्ये सिरिमावो बंदारनायक ह्यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त आघाडीचे सरकार आले. परकीय चलन वाचवण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध आले. विजेच्या गिटारी, तारा, ध्वनिवर्धक हे सारे परदेशातून येणारे सामान दुर्मिळ झाले. एप्रिल १९७१ मध्ये जनता विमुक्ती पेरमुणाच्या तरुणांनी सशस्त्र उठाव केला आणि तो निर्घृणपणे चिरडला गेला. संचारबंदीत रात्रीचे कार्यक्रम कसले? उठावातील बहुसंख्य तरुण सिंहली माध्यमातून शिकलेले, खेड्यापाड्यांतले, नोकरीच्या शोधात असलेले होते. वयाने आणि शिक्षणाने हीच ती पिढी, जिच्या कानांवर मूनस्टोन्सची गाणी पडत होती. त्या गाण्यांत राजकारण नाही, म्हणून त्यांना निरर्थक ठरवणे सोपे आहे. पण शाळेने दिलेली ग्रंथभाषा नोकरी देत नाही हे ज्यांना कळून चुकले होते, त्यांना बोलीत गायलेली आपल्या शेजारच्या मुलीची गोष्ट का जवळची वाटली असेल, हा प्रश्न निरर्थक नाही.

पुन्हा एकत्र, पुन्हा वेगळे

१९७३ च्या सुमारास दोघे पुन्हा एकत्र आले. ह्या वेळी नाव ठरले ‘सुपर गोल्डन चाइम्स’. ह्या नावाचा अर्थ नीट वाचला पाहिजे. मूनस्टोन्स हे नाव परत आले नाही. क्लॅरेन्स ह्यांच्या संचाचे नाव कायम राहून त्याला एक विशेषण जोडले गेले. पहिल्या फुटीच्या वेळी नाव आवाजाकडे राहिले होते, समेटाच्या वेळी ते रचनेकडे आले. हा समेट व्यक्तींचा होता तसा दोन दाव्यांमधील तोडगाही होता.

त्या काळातील गाण्यांत एक प्रौढपणा जाणवतो. ‘गमेन् लियुमक्’, म्हणजे ‘गावाहून एक पत्र’, ह्या शीर्षकातच एका पिढीचे स्थलांतर सामावले आहे. गाव आता आपल्या पायाखाली नाही, ते पत्रातून येते. १९७५ मध्ये एच. डी. प्रेमरत्न ह्यांच्या ‘सिकुरुलिया’ ह्या चित्रपटाला क्लॅरेन्स ह्यांनी संगीत दिले. कुंपणाबाहेरचा संगीतकार चित्रपटाच्या दारातून आत येतो, हे सुनिल सान्त ह्यांच्याबाबतीत घडलेले वळण पुन्हा एकदा घडले.

परंतु दुसरा संचही टिकला नाही. सत्तरीचे दशक सरता सरता तोही विसर्जित झाला. १९७७ मध्ये सरकार बदलले, अर्थव्यवस्था खुली झाली आणि कॅसेटचा लोंढा आला. १९७९ मध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली, १९८२ मध्ये ‘रूपवाहिनी’ आली. चार गाण्यांच्या तबकडीभोवती उभी राहिलेली संचांची सृष्टी ह्या बदलात विरून गेली. कॅसेटवर बारा-पंधरा गाणी मावत, ती एका गायकाच्या नावाने विकणे सोयीचे होते, आणि तिची घरबसल्या नक्कल होत असल्याने रचणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नसे. क्लॅरेन्स ह्यांनी पुढे ‘मदारा’ ह्या संचाबरोबर काम केले, इतर गायकांसाठी चाली रचल्या, स्वतः एकट्याने गायले. ॲन्स्लीही स्वतंत्रपणे गात राहिले. १३ डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, क्लॅरेन्स विजेवर्धन ह्यांचे निधन झाले.

गाणे कोणाचे?

आता आरंभीच्या प्रश्नांकडे वळू. ‘आपले’ गाणे कोणते हे ठरवण्याचा अधिकार १९५२ मध्ये एका परीक्षकाच्या हाती सोपवला गेला. त्याच्या विद्वत्तेविषयी किंवा सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्या परीक्षेने एक सवय रुजवली. देशीपणा हा वंशावळीवरून ओळखायचा, वापरावरून नव्हे, ही ती सवय. हार्मोनियम युरोपातून आली, व्हायोलिनही. ती देशी झाली, कारण ती रागसंगीताच्या घरात नांदली. गिटार मात्र उपरी राहिली, कारण ती दुसऱ्या दाराने आली. मूनस्टोन्सचा इतिहास ह्या सवयीला दिलेले उत्तर आहे. एक परके वाद्य, एक परके नाव, आणि त्यातून ऐकू येणारी शेजारच्या अंगणातली सिंहली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फुटीने दिले, आणि ते अधिक कठोर आहे. सामुदायिक कर्तृत्वाचे आपण सारेच कौतुक करतो, पण त्याची नोंद कशी ठेवायची हे आपल्याला ठाऊक नसते. कर्ता म्हणजे एक नाव, असे आपल्या वाङ्मयेतिहासाचे गृहीतक आहे. संच ह्या गृहीतकात बसत नाही. बसवायचा प्रयत्न केला की तो फुटतो. एक तुकडा रचनाकाराच्या चरित्रात जातो, दुसरा गायकाच्या चरित्रात, आणि ज्या दोन-चार वर्षांत ते दोघे मिळून एक तिसरेच काही होते, ती वर्षे दोन्ही चरित्रांच्या मध्ये सांडून जातात. आज श्रीलंकेत क्लॅरेन्स ह्यांच्याविषयी आदराने लिहिले जाते. सिंहली गाण्यातील युगप्रवर्तकांत त्यांची गणना होते. म्हणजे कुंपण थोडे सरकले आहे. पण तेही एका माणसाला आत घेण्यासाठी सरकले, संचाला नव्हे.

लोकप्रिय गीतांकडे साहित्याच्या वर्गात आपण दोनच प्रकारे पाहत आलो : एकतर ती चांगली कविता आहेत असे सिद्ध करायचे, नाहीतर त्यांना समाजशास्त्राच्या स्वाधीन करायचे. मूनस्टोन्सची गाणी कागदावर उतरवली तर चांगल्या कवितेच्या परीक्षेत कदाचित उतरणार नाहीत. त्यांतील कवित्व शब्दांत कमी आणि शब्द, स्वरसंघ व एकत्र उघडलेल्या गळ्यांच्या मधल्या जागेत अधिक आहे. ती जागा वाचण्याची रीत आपल्यापाशी अजून नाही. रत्नपुरच्या त्या दोघांनी ती जागा काही वर्षे भरून दाखवली. श्रीलंकेत एखाद्या सहलीच्या बसमध्ये आजही कोणीतरी गिटार काढते, ‘मंगलिका’ सुरू होते आणि सगळी बस गाऊ लागते. तेव्हा ते गाणे क्लॅरेन्सचे की ॲन्स्लीचे, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.